वारा तुमचा, सावली माझी

कावळा लगेच शिवला म्हणे. पिंड ठेवून तुमचे चुलतभाऊ मागे सरले न सरले तोच तो आला आणि भाताला चोच लावून उडाला. नदीवरून परत आलेले सगळे पुरुष एकाच सुरात सांगत होते, की माणूस समाधानानं गेला, मागं काही राहिलं नव्हतं त्याचं.

मी आत बायकांमध्ये बसले होते. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. काही राहिलं नव्हतं? आपले दोन वाद अर्धवट टाकून गेलात की तुम्ही. त्यातला एक मी सोडूनही देईन. दुसऱ्याचा निकाल लागल्याशिवाय मात्र मला या घरात धड बसता येत नाही की उठता येत नाही. तुम्ही जरा अडून बसायचं होतं. कावळ्याला झाडावरच ताटकळत ठेवायचं होतं. मग कोणाला तरी सुचलं असतं, की याच्या बायकोला विचारून या काय राहिलं ते, आणि मी चारचौघांदेखत सांगितलं असतं. पण तुम्हाला घाई. शेवटची बस गाठायची असल्यासारखे गेलात.

आत्याबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला आपल्या लेकाची एकच गोष्ट सांगतायत. "नाव घेतलं तिनं त्याचं. भर काठावर, लोकांत. तवाच माझं काळीज चरकलं." मग बायका माझ्याकडे बघतात आणि पदर सारखा करतात. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य सरतं, हे आपल्या गल्लीत अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पाठ आहे. मी शाळेत शिकवते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी ते ऐकलं की मी उठून आत जाते. कारण नाव मी घेतलं होतं, हे खरंच आहे. का घेतलं, ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते तुम्ही स्वतःच्या आईला सांगितलं नाहीत. आता या घरात आम्ही दोघीच आहोत. मी, आणि मी तुमचं आयुष्य खाल्लं असं मानणारी तुमची आई.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते नेहमी तुमच्या सोयीनं सांगायचात. आज माझ्या बाजूनं ऐका. मध्ये बोलू नका.

लग्नाआधी मला वावडी ठाऊक नव्हती. आमच्या गंगाखेडकडे पतंग म्हणजे संक्रांतीला पोरांनी उडवायचा, वहीच्या कागदाचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात तुम्ही मला तुमच्या गावी नेऊन माळावर जी दाखवलीत ती दाराएवढी होती. कामट्यांची चौकट, खाली लुगड्याची शेपटी, आणि करंगळीएवढा सुतळीचा दोर. ती वर गेली की घूं घूं असा आवाज यायचा आणि दोर धरणाऱ्याच्या कमरेला मागून दोघं-तिघं मिठी मारून उभे राहायचे. तुमच्या गावात एक रीत होती. ज्याच्या हातात दोर, त्यानं तो सोडायचा नाही. हात सोलवटले, गुडघे फुटले, फरफटत बांधापर्यंत गेला तरी नाही. ज्यानं सोडली त्याला पुढच्या आषाढापर्यंत गावात तोंड दाखवायची चोरी. तुम्ही हे मला इतक्या अभिमानानं सांगितलंत, की मी नवी नवरी असूनही हसले. कागदासाठी हात तोडून घ्यायचा, ही कुठली इज्जत? आपलं ते पहिलं भांडण असावं.

तुमच्या जिनिंगचं इंजिन पावसाळ्यात बंद असायचं. कापूस नाही तर फिटरला काम काय? सेलूतले बाकीचे कामगार त्या दिवसांत पत्ते कुटायचे, नाहीतर गावी जाऊन निंदण-खुरपण बघायचे. तुम्हाला मात्र नको तिथे डोकं चालवायची सवय. वावडी रिकामी बैलगाडी ओढते हे तुम्ही पाहिलेलं होतं. मग माणसाला पाण्यावरून का ओढणार नाही, असं एका संध्याकाळी जेवताजेवता म्हणालात. मला वाटलं चेष्टा आहे. पुढच्या आठवड्यात ओसरीवर ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा आल्या, मागच्या दाराची जुनी फळी निघाली, आणि आत्याबाईंनी जपून ठेवलेल्या मोडक्या छत्र्यांचं काळं कापड नाहीसं झालं. छत्र्या कुठे गेल्या म्हणून त्या कितीतरी दिवस मला विचारत होत्या, आणि तुम्ही शेजारी बसून निमूट चहा पीत होतात.

जमिनीवर तुम्ही उस्ताद होतात, पाण्यावर मात्र बालवाडीत. तुम्हालाही ते कळत होतं, म्हणून शिकाऊ माणसाला झेपेल अशी जागा शोधायची ठरली. आणि एकट्यानं जायला नको म्हणून मला बरोबर घ्यायचं ठरलं. मला वावडीत रस नव्हता आणि पाण्यात तर मुळीच नव्हता. पण रविवारी घरात बसून गल्लीच्या चौकशांना तोंड देण्यापेक्षा ते बरं वाटलं. मूलबाळ नाही, तर नवराबायको रविवार-रविवार पोतं घेऊन जातात कुठे, हा गल्लीचा आवडता प्रश्न होता. आत्याबाईंना आपण देवाला जातो असं सांगायचो. ती थाप तुमची. माझी असती तर मी जरा बरी मारली असती.

पहिली जागा तुम्ही निवडलीत. पूर्णा. पॅसेंजरमधून उतरून नदीवर गेलो तर काठावर अर्धं गाव. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशी, ड्यूटी संपलेले रेल्वेचे लोक. तुम्ही वावडी काढलीत आणि बघता बघता जत्रा जमली. जो तो सल्ला द्यायला लागला. वारा चांगला होता, पण काठानं सगळी बाभळ. वावडी पहिल्या झेपेतच काट्यात गेली आणि तुम्ही दिवसभर काटे काढत बसलात. मी भर उन्हात एका दगडावर. बाईमाणसाला आडोसा म्हणून एक झुडूप नाही. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण घेतला तर जायचं कुठे? हे तुमच्या डोक्यातही आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी तुम्हाला जे बोलले, ते समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं कान देऊन ऐकलं आणि शेवटी माझ्याच बाजूनं मान हलवली. "जागा आता मी बघणार," मी म्हणाले. "वारा तुमचा, सावली माझी."

"बरं, मास्तरीणबाई," तुम्ही म्हणालात आणि म्हातारीला हात जोडलेत.

तरी दुसरी जागासुद्धा तुम्हीच घुसवलीत, जिंतूर रस्त्यावरचा पाझर तलाव. सावली होती, माणूस नव्हता, मी खूश. तुम्ही पाण्यात चार पावलं गेलात आणि काळ्या मातीनं गुडघ्यापर्यंत धरलं. उन्हाळ्यात जी भेगाळते तीच माती पाण्याखाली अशी धरते की सोडायचं नाव नाही. मी काठावरून फळी सरकवली, तिच्यावर पालथे पडून तुम्ही बाहेर आलात आणि नवी चप्पल आतच राहिली. तेव्हा तुम्ही शहाण्यासारखा चेहरा करून म्हणालात, की तळ मुरमाड पाहिजे. मी हसून हसून बेजार झाले. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, की देवळातून चप्पल चोरीला गेली का. तुम्ही हो म्हणालात.

येलदरीची जागा मी शोधली. हे आज लिहून ठेवते, कारण तुम्ही सगळीकडे ती स्वतःच्या नावावर खपवलीत. शाळेची सहल धरण बघायला गेली होती आणि मोठ्या वर्गातल्या मुलींना न्यायला आडोशाची जागा बघत मी पाण्याच्या काठाकाठानं लांब गेले. एका वळणापलीकडे उंबराचं झाड होतं, जवळच कोळ्यांची एक झोपडी, आणि दारात जाळं सांधत बसलेली गयाबाई. "ये बाई, बस हितं. सावली हाय," म्हणाली. तिनं मुलींना मागची बाजू दाखवली, मला पाणी दिलं. मी तिथं बसून फक्त एवढंच बघितलं, की इथे बाईमाणसाला दिवस काढता येईल. सडकेवर बसही थांबत होती.

पुढच्या रविवारी तुम्हाला नेलं, तर तुम्ही वेड्यासारखे इकडून तिकडे पळत सुटलात. तळ मुरमाड. पाणी लांबवर कमरेएवढंच. काठावर बाभूळ नाही. आणि वारा डाव्या हातानं येऊन काठाला धरून वाहणारा. तुम्ही मला वाळूत काडीनं काढून दाखवलंत. वारा पाण्याकडून काठाकडे आला तर माणूस दगडांवर आपटतो. काठाकडून पाण्याकडे गेला तर आत नेतो आणि परत आणत नाही. नवशिक्यानं कडेनं वाहणारा वारा बघावा, म्हणजे पडला तरी काठ सुटत नाही. मी शाळेत कितीतरी धडे शिकवले, पण इतका नीट समजावलेला धडा मी कमी ऐकलाय.

ते दोन पावसाळे माझ्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. मला काठावर कंटाळा येतो असंच सांगत राहिले. उंबराखाली गयाबाई जाळं सांधायची, मी वह्या तपासायचे, आणि मध्येच मान वर केली की तुम्ही दोन ट्यूबांवरच्या फळीवर मांडी घालून, राजासारखे, पाण्यावरून सरकत चाललेले असायचात. वर ते काळं कापड घूं घूं करायचं. मग तुम्ही पडायचात. पडलात की आधी वावडी कोरडी आहे का बघायचात, मग माझ्याकडे. मी तुम्हाला हाक मारायचे, अहो, चहा झाला. अहो, डोकं पुसा. अहो, बस येईल. तुम्ही न बघता मान हलवायचात.

तू पण बस एकदा फळीवर, म्हणायचात. मी भितेय असं तुम्हाला वाटायचं. मी भीत नव्हते हो. ओलं लुगडं अंगाला चिकटवून लोकांसमोर बाहेर कशी येऊ? हे मी बोलले नाही, पण तुम्हाला उमगलं असावं. कारण नंतर नंतर तुम्ही म्हणायला लागलात, की तुझ्यासाठी एक जागा बघतो, चारी बाजूंनी माणूस नसलेली. मी उडवून लावायचे. बघत होतात ना खरंच? गयाबाईच्या नवऱ्याबरोबर तराफ्यावरून पलीकडच्या काठाला गेला होतात, ते त्यासाठीच, हे मला तिनं आत्ता, भेटायला आली तेव्हा सांगितलं.

त्या वर्षांत बस सुटेल की नाही याचा भरवसा नसायचा. आज नामांतराच्या बाजूचा मोर्चा, उद्या विरोधातला बंद. भिंतीवर एकानं रंगवलेलं दुसरा पुसायचा. जिनिंगसमोरच्या हॉटेलात तुम्ही सरळ म्हणालात, की विद्यापीठाला नाव दिलं तर कोणाच्या ताटातली भाकर कमी होते? लहानपणापासूनच्या दोन दोस्तांनी त्यानंतर तुमच्याशी बोलणं टाकलं. एकानं तर लग्नाची पत्रिकाही दिली नाही. तुम्हाला ते लागलं, पण तुम्ही शब्द मागे घेतला नाहीत. मला तुमचा तेव्हा फार अभिमान वाटला. म्हणून तर कळत नाही, की बाजारात वाघ असणारा माणूस आईसमोर गोगलगाय का व्हायचा. एकदा बंदमुळे बस आलीच नाही, आपण गयाबाईकडेच राहिलो आणि तिच्या हातचे मासे-भाकरी खाल्ली. घरी येऊन माळकरी आईला तुम्ही सांगितलंत, जिंतूरच्या स्टँडवर चिवडा खाऊन रात्र काढली. वर मला म्हणालात, "आईला कशाला परेशान करायचं?" तुमच्या या एका वाक्यावर आपलं घर चाललं होतं.

आता त्या दिवसाचं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. तुम्ही नेहमीपेक्षा आत गेला होतात. पाठीमागून, जमिनीकडून, ढग चढून आला होता, पण माझं लक्ष वह्यांत. एकदम पदर अंगावरून सुटला आणि समोर पाण्याकडे फडफडायला लागला. क्षणभर मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. मग तुमचा वाळूतला धडा आठवला. वारा फिरला होता. काठाकडून आत चालला होता.

मी उठून हाक मारली, अहो. तुम्ही मान हलवलीत. पुन्हा मारली, जोरात. पुन्हा मान हलवलीत. चहासाठी मारते तीच हाक ती. तुम्हाला वेगळं काय कळणार? तेवढ्यात वावडीनं उसळी घेतली, फळी कलंडली आणि एक ट्यूब सुटून बाजूला गेली. दुसरीवर तुम्ही पोटावर आडवे. दोराचे वेढे मनगटाला. आणि ते काळं कापड तुम्हाला ओढत धरणाच्या मधल्या खोल पाण्याकडे घेऊन चाललं. तुमचा हात उघडत नव्हता. मला इथून दिसत होतं. मूठ आवळून, दात-ओठ खाऊन तुम्ही ती वावडी धरून ठेवली होती, जशी काही गावातली सगळी माणसं काठावर उभी राहून बघतायत.

तेव्हा मी तुमचं नाव घेतलं. नुसतं. पुढे राव नाही, मागे अहो नाही. आणि ओरडले, "सोड!" सोडा नाही, सोड. अंगात होता नव्हता तेवढा आवाज काढून, पुन्हा पुन्हा.

तुम्ही वळून पाहिलंत. तो तुमचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. कोणी झोपेतून उठवल्यावर माणूस बघतो तसा होता. मग मनगट फिरवून वेढे काढलेत आणि मूठ उघडलीत. वावडी वर गेली, सैल झाली आणि लांब कुठेतरी पाण्यात पडली. गयाबाईच्या नवऱ्यानं तराफा घालून तुम्हाला आणलं. तळहाताची सालटी लोंबत होती. गयाबाईनं हळद लावली. 

त्याच वेळी वळणाच्या अलीकडे आपल्या गल्लीतले कापडवाले बायकामुलांसह धरण बघायला आले होते. त्यांना पाणी दिसत नव्हतं, तुम्ही दिसत नव्हतात. दिसली ती पदर सुटलेली, नवऱ्याच्या नावानं अरे-तुरे करून किंचाळणारी मी. आपण सेलूला पोचायच्या आधी ती गोष्ट घरी पोचली होती.

आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. माझ्या हातचा चहा मात्र बंद केला. ज्या बाईनं रेशनच्या दुकानात मामंजींचं नाव विचारलं तर शेजारणीला पुढे केलं, तिच्या सुनेनं हे करावं. मी तुम्हाला त्याच दिवशी म्हणाले, की आत्ता जाऊन आईला सांगा काय झालं ते. तुम्ही हाताला फडकं गुंडाळत म्हणालात, "सांगतो की. तिचा राग निवू दे जरा." दिवाळी आली, सांगतो. संक्रांत आली, सांगतो. उन्हाळ्यात मी निकरावर आले तेव्हा खरं बाहेर पडलं. "आगं, तिला कळलं तर ती मला परत पाण्याकडं जाऊ देईल का? एवढा आषाढ निघू दे." म्हणजे तुम्ही पुन्हा जाणार होतात. कामट्या आणून माळवदावर वाळत घातल्या होत्यात. आणि माझं नाव मात्र घरात, गल्लीत खराब होत राहणार होतं, तुमच्या एका आषाढासाठी.

सोडून देईन म्हटलं तो वाद याच्यातच गुंतलेला. तुम्ही म्हणायचात, मी सोडणारच होतो, तू उगं बोंबललीस. मी म्हणायचे, नव्हता सोडणार. तुम्ही हसायचात. मला हसू यायचं नाही. एकदा तरी म्हणायचं होतं, की तू हाक मारलीस म्हणून सोडली. आईला नाही तर नाही, मला एकटीला, चुलीपाशी, हळूच. मी कोणाला सांगितलं असतं? तुमच्या गावातल्या त्या सोडू नये म्हणणाऱ्या माणसांपैकी निम्मी मरून गेलीत. तरी तुम्हाला त्यांचीच लाज.

मग पाण्यानं सोडलेल्या माणसाला ताप घेऊन गेला. आषाढ उजाडला न उजाडला तोच. साधा ताप म्हणून गोळ्या आणल्या, आणि बघता बघता तुम्ही माणसं ओळखेनासे झालात. परभणीच्या दवाखान्यात नेलं. खाटेच्या एका बाजूला आत्याबाई होत्या, दुसऱ्या बाजूला मी. त्या तुम्हाला नावानं हाका मारत होत्या, लहानपणी मारायच्या तशा, नाव तोडून. मी अहो म्हणत होते. नुसतं अहो, अहो. माझ्या ओठांवर नाव येऊन थांबत होतं. एकदा तर पहिलं अक्षर बाहेर पडलं, आणि आत्याबाईंनी वर बघितलं, आणि मी ते गिळलं. नावानं माणूस मरत नाही, हे मला ठाऊक आहे. नावानं माणूस परत येत नाही, हेही ठाऊक आहे. पण एकदा आला होता ना. मी काय करायला हवं होतं, सांगा. आता माझ्याशी वाद घाला.

दहाव्यानंतर घर रिकामं झालं. दुपारी आत्याबाई ओसरीवर सूप घेऊन डाळ निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. किती तरी वेळ ठरत नव्हतं. सांगावं, तर मेलेल्या मुलाला त्यांनी आता बुडतानाही बघायचं. तो आपल्याशी खोटं बोलत होता हेही वर ऐकायचं. न सांगावं, तर जन्मभर मी नाव घेणारी. तुम्ही ही निवड माझ्यावर टाकून गेलात. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी मी नाव घेतलं नसतं, तर ते त्याच दिवशी गेले असते."

आणि सगळं सांगितलं. ट्यूबा, फळी, वारा, मूठ. छत्र्यांचं कापडसुद्धा. पूर्णा आणि पाझर तलाव, आणि देवळात न हरवलेली चप्पल. आत्याबाई सुपातल्या खड्यांवरून नजर न काढता ऐकत होत्या. बोटं मात्र थांबली होती. माझं सांगून झालं. मला वाटलं, आता म्हणतील, मेलेल्याच्या नावावर काहीही खपव.

"मी इचारलं तर मला म्हनला, वारा लय होता आई, तिची हाक ऐकूच येईना," त्या म्हणाल्या.

"वारा होताच," मी म्हणाले.

त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मी तुझ्या सासऱ्याचं नाव जन्मात घेतलं न्हाई. कधी म्हंजे कधी न्हाई. तरी गेलेच की ते, ऐन उमेदीत." हे त्या मला सांगत नव्हत्या. सुपाला सांगत होत्या. इतक्या वर्षांत हा हिशेब त्यांनी पहिल्यांदाच मांडून बघितला असावा, आणि तो जुळत नव्हता.

"वळला का गं त्यो?" त्यांनी विचारलं. "नाव घेतल्यावर?"

"वळले."

"मी दवाखान्यात किती हाका मारल्या."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही. कापडवाल्यांची सून पाणी भरायला चालली होती, ती दारातून आत बघत हळू झाली. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी हाय तवर मी घेईन त्याचं नाव. माझ्या मागं कोन घेनार हाय या घरात? घे. मला ऐकू दे. तवा घेतलंस तसं."

मी ते ओठांतल्या ओठांतच घेतलं. कुठे गेला होता शाळेत चार भिंती हलवणारा माझा आवाज, तुम्ही ज्याची नेहमी टिंगल करायचात तो. "मोठ्यानं," आत्याबाई म्हणाल्या.

मग मी उभी राहिले. दार उघडं होतं, गल्लीत बायका थांबल्या होत्या, कोणाचा तरी हंडा भरून वाहत होता. मी काठावर उभी होते तेव्हाच्याच आवाजात ते घेतलं, आणि आता लिहितानाही घेते.

माणिक.